पिंपातला भोंगा

अडुसष्ट सालच्या मे महिन्यात, एका मंगळवारी, सुरतेच्या एका कापड मिलची पहिली पाळी पाऊण तास लवकर सुटली. याला कारण तिघं: मी, माझी आठ वर्षांची मुलगी छबी आणि रंगखात्यातून टाकून दिलेलं एक रिकामं पिंप. पिंपाची चूक सगळ्यात कमी होती.

मी त्या मिलमध्ये टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आला, किती मिनिटं उशिरा आला, हे लिहिणं माझं काम. हेड टाइमकीपरची जागा त्याच आठवड्यात भरायची होती आणि माझं नाव पहिलं होतं. बायकोने नव्या पडद्यांचं कापडसुद्धा पाहून ठेवलं होतं.

त्या सुमारास मी वर्तमानपत्रात वाचलं की, मुलांच्या वाढीला खेळ फार आवश्यक असतो. मला ते पटलं. आवश्यक गोष्ट वाऱ्यावर सोडून कशी चालेल? मी चाळीतली अकरा मुलं गोळा केली आणि शिट्टी घेऊन पाच वाजता अंगणात उभा राहिलो. पहिली वीस मिनिटं धावणे, पुढची वीस उड्या, मग दहा मिनिटं मुक्त खेळ (रांगेत उभं राहून).

तिसऱ्या दिवशी छबीने विचारलं, "बाबा, हा खेळ संपला की आम्ही खेळायला जाऊ?"

"मग हे काय चाललंय?"

"हे तुमचं चाललंय."

मी शिट्टी खिशात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून मुलं चाळीच्या मागे, मला न विचारता, मिल-मिल खेळू लागली. एक जण जॉबर, म्हणजे मुकादम, चार जण विणकर, एक टाइमकीपर. हा टाइमकीपर नाकावर चष्मा ओढून म्हणायचा, "सहा मिनिटं उशीर. आईला बोलावून आण." मी असं कधीच म्हणत नसे. (आईला तर नाहीच.) अडचण एकच होती: मिल आहे आणि भोंगा नाही.

त्या मंगळवारी माझी दुसरी पाळी होती, तीनची. आमच्या चाळीत कोणी घड्याळ बघत नसे. पावणेतीनला पहिला भोंगा झाला की उठायचं, तीनच्या भोंग्याला आत. जेवून मी जरा आडवा झालो, तेवढ्यात भोंगा झाला. खालून वर चढत जाणारा, मग लांब, मग खाली उतरणारा. मी ताडकन उठलो. मनगटावर दोन वाजले होते.

"अहो, आत्ताच तर ताटं उचलली," बायको म्हणाली.

"घड्याळ मागे पडलंय."

"आणि ताटं?"

"घड्याळ माझं आहे, भोंगा मिलचा आहे," मी म्हणालो आणि काटे पावणेतीनवर नेले.

शेजारचे धनाभाऊ खानदेशातले, झोपेला पक्के. त्यांची बायको त्यांना हलवत होती, "उठा ना, भोंगा वाजना!"

"आते? आत्तेच ते जेवनू मी," धनाभाऊ डोळे चोळत बाहेर आले आणि मला म्हणाले, "काय हो, बराबर शे का टाइम?"

मी मनगट पुढे केलं. टाइमकीपरच्या मनगटापुढे कोण बोलणार? सगळी दुसरी पाळी माझ्यामागे निघाली.

गेटवरच्या पहारेकऱ्याने आम्हाला पाहून बिडी विझवली. "साहेब, हजु तो बे वाग्या छे."

मी वर पाहिलं. गेटच्या मोठ्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. माझ्या घड्याळाप्रमाणे हे घड्याळसुद्धा मागे पडलं होतं. एकाच दिवशी दोन घड्याळं, तीही अगदी सारखी! हिशेबी माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण त्या घड्याळाची किल्ली माझ्याकडे होती. मी शिडी मागवली, वर चढलो आणि काटा पंचावन्नवर आणून ठेवला.

समोर बॉयलरखात्याची खिडकी होती. तिथला भोंगेवाला याच घड्याळाकडे बघून भोंगा देत असे. त्याने पाहिलं, तीनला पाच कमी. पहिला भोंगा आपण विसरलो, असं समजून बिचाऱ्याने दोन्ही भोंगे पाठोपाठ देऊन टाकले.

आतले माग बंद पडले. पहिली पाळी हसत बाहेर येऊ लागली आणि आमची दुसरी आत जाऊ लागली. दोन्ही पाळ्या गेटमध्ये अडकल्या. शिडीवरून मी सगळ्यांना रांग करायला सांगत होतो.

विणकाम मास्तर स्वतःच्या हातातल्या घड्याळाकडे बघत आले. "आ घडियाळ कोणे आगळ कर्युं?"

"मी केलं पुढे. भोंगा झाला होता, मास्तर."

"क्यारे?"

केव्हा ते मी सांगणार, तेवढ्यात पुन्हा भोंगा झाला. सगळ्यांनी मिलच्या छपराकडे पाहिलं. वाफेचा पत्ता नव्हता. आवाज चाळीमागून येत होता. मुलांची दुसरी पाळी सुरू झाली होती.

मास्तर पुढे, मी मागे, असे आम्ही चाळीमागे गेलो. पिंप आडवं पडलं होतं. त्याच्या बुडाच्या भोकात लोखंडी नळी घालून छबी गाल फुगवून फुंकत होती. दोन पोरं पिंपाच्या तोंडावर ओलं गोणपाट धरून हळूहळू सरकवत होती. त्याने आवाज चढत आणि उतरत होता.

"कोणे शिखवाड्युं?" मास्तरांनी विचारलं.

"कोईए नहीं," छबी म्हणाली. "रमतां रमतां आवडी गयुं." खेळता खेळता आलं, म्हणे.

मास्तर माझ्याकडे वळले. "तमे कंई शिखवाड्युं हतुं?"

"रांगेत उभं राहायला," मी म्हणालो.

ते हसले. मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी घड्याळाच्या किल्लीसाठी हात पुढे केला. मला घरी पाठवलं, अर्धा दिवस कापला आणि हेड टाइमकीपरची जागा दुसऱ्या नावाला दिली. बायकोने पडद्यांबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. ते जास्त लागलं.

संध्याकाळी पहिल्या पाळीच्या लोकांनी वर्गणी काढून चाळीत बर्फगोळ्याची गाडी आणली. मी उंबऱ्यातून पाहत होतो. ज्यांना मी पन्नास मिनिटं खेळ शिकवला, त्यांनी खेळता खेळता नळी, पिंप, गोणपाट आणि आपसातला ताळमेळ सगळं जमवलं होतं, आणि माझी त्यात कणभरही मदत नव्हती. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता.

छबी एक गोळा घेऊन आली. "बाबा, हा तुमचा. पहिल्या पाळीचे काका म्हणाले, भोंगा आम्ही वाजवला, पण सुट्टी तुम्ही दिली."

मी गोळा घेतला.

"उद्या तुम्ही पण या आमच्यात खेळायला."

"येतो की," मी म्हणालो. "किती वाजता?"

अकराच्या अकरा पोरं अशी हसली की दोन गोळे मातीत पडले. त्यांचे वीस पैसे गोळेवाल्याला मी दिले.