मेंढपाळानं फाटक उघडं का ठेवलं

मोठ्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी आणि माझी एक मैत्रीण परगावच्या एका शिक्षण महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला बसलो. तिथं चार वर्षांत पदवी आणि शिक्षिकेचं प्रशिक्षण दोन्ही व्हायचं, राहायला वसतिगृह होतं आणि शिष्यवृत्तीही मिळायची. सोलापूर केंद्रातून फार तर दोघातिघांना घेतात, असं आमच्या प्राध्यापकांनी सांगून ठेवलं होतं.

मला शिष्यवृत्तीची गरज नव्हती. चाटी गल्लीत आमचं कापडाचं दुकान होतं. मला फक्त लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आत घराबाहेर पडायचं होतं. गरज तिला होती. ती करमाळ्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. त्यांच्या वस्तीवर मॅट्रिक झालेली ती पहिलीच मुलगी. इथं सोलापुरात बोर्डिंगात राहून ती माझ्याच वर्गात शिकत होती. उन्हाळ्यात बोर्डिंग बंद झालं, म्हणून परीक्षेपुरती चार दिवस आमच्याकडे राहायला आली.

माझ्या आईला, अव्वाला, ती पहिल्याच दिवशी आवडली. अव्वा स्वयंपाकघरातून कानडीत विचारायची, "ऊटा आयतेनु?" तिला कानडी येत नव्हतं, पण दुसऱ्या दिवसापासून ती "व्हय, जेवले की" असं बरोबर उत्तर द्यायला लागली. तिनं अव्वाला एकदाही हातातलं काम पुरं करू दिलं नाही. भांडी घासली, विहिरीचं पाणी भरलं. अव्वा मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, मुलगी असावी तर अशी.

परीक्षा सात रस्त्याजवळच्या एका शाळेत होती. आम्ही जेमतेम तीस-पस्तीस जण असू. सकाळी लेखी, आणि दुसऱ्या दिवशी तोंडी. लेखीत इंग्रजीचा एक लांबलचक उतारा होता. कुठल्याशा थंड मुलखातला एक म्हातारा मेंढपाळ. तो टोपी घरी विसरून निघतो. वाटेत बर्फाचं वादळ सुटतं. तो मेंढ्यांना कोंडवाड्यात घालतो, पण फाटक उघडंच ठेवून घरी जातो. खाली प्रश्न होता, त्यानं फाटक उघडं का ठेवलं? चार उत्तरं दिली होती. म्हातारपणामुळे विसरला, हात गारठले म्हणून लावता आलं नाही, मुलगा मागून येणार होता, किंवा मेंढ्यांना बाहेर पडता यावं म्हणून. त्यातलं एक निवडायचं. असले प्रश्न आम्हाला तेव्हा नवे होते. मी "विसरला" निवडलं आणि पुढं गेले.

पेपर सुटल्यावर आम्ही सात-आठ जण शाळेच्या आवारात कडुनिंबाखाली थांबलो. प्रश्नपत्रिका काढून घेतल्या होत्या, त्यामुळे सगळा वाद आठवणीवर चालला होता. आमच्यात एका वकिलांचा मुलगा होता. इंग्रजी शाळेत शिकलेला, बोलताना दोन्ही हात खिशात. तो एकेक प्रश्न घेऊन उत्तर सांगत होता आणि बाकीचे आपापलं जुळलं की सुस्कारा सोडत होते. फाटकाच्या प्रश्नावर त्यानं "विसरला" असं सांगितलं. सुरुवातीला टोपी विसरल्याचं मुद्दाम लिहिलंय, असे प्रश्न काढणारे धागा आधीच देऊन ठेवतात, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांना ते पटलं.

तेवढ्यात ती म्हणाली, "तो इसरला न्हाय. त्यानं जाणून उघडं ठिवलं."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती एरवी चारचौघांत बोलायची नाही, पण मेंढरांचा विषय होता. तिनं सांगितलं, की वादळात कोंडलेली मेंढरं भिऊन एका कोपऱ्यात दाटतात, एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि खालची गुदमरून मरतात. गारा पडायला लागल्या की तिचा आज्जा पहिल्यांदा वाडग्याचं, म्हणजे मेंढरांच्या कोंडवाड्याचं, तोंड उघडायचा. पळाली तर सकाळी हुडकता येतात.

कुणीतरी हसलं. वकिलांचा मुलगा हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्याकडे काय करतात ते विचारलेलं नाही. उताऱ्यात काय लिहिलंय ते विचारलंय. उताऱ्यात असं कुठं आहे, दाखवा."

तिला ते दाखवता येईना. तिचं इंग्रजी वाचन सावकाश होतं, अर्थ लागला की वाक्य डोक्यातून निघून जायचं. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझी ख्याती वर्गात उलटी होती. मला अर्थ लागो न लागो, वाक्यं तोंडपाठ व्हायची. आणि ते वाक्य मला आठवलं होतं. तिनं आज्जाचं नाव काढलं तेव्हाच आठवलं होतं. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, की मोठ्या बर्फाच्या वर्षी त्यानं ते फाटक एकदा लावलं होतं, आणि त्या वर्षाविषयी तो कधी बोलत नसे. वाचताना मी त्यावरून नुसती नजर फिरवली होती. आता त्याचा अर्थ माझ्यापुढं उभा राहिला. तिचं बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं.

मी म्हणाले, "मलाही विसरला असंच वाटतं."

का म्हणाले, याचं मी पुढं स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं. लाज वाटली, सगळ्यांच्या विरुद्ध जायचं धैर्य झालं नाही, वगैरे. खरं इतकंच, की आमच्या घरी भांडी घासणारी मुलगी माझ्यापेक्षा चांगलं वाचते हे मला सोसलं नाही.

घरी आल्यावर चहा पिताना तिनं पुन्हा विचारलं, तुला खरंच तसं वाटतं का. मी टोपीचा मुद्दा तिला परत ऐकवला, वर व्याकरणाचं काहीतरी जोडून दिलं. तिनं ते मन लावून ऐकलं. मग म्हणाली, माझं असंच होतं, मेंढरं दिसली की मी तितंच गुतते. उद्या तोंडीला विचारलं तर "विसरला" असंच सांगीन. मी म्हटलं, बघ, तुला पटेल तसं कर. एवढं बोलून मी कप उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी तिचा नंबर माझ्या आधी लागला. आत तिघं होते, दोन प्राध्यापक आणि एक बाई. उत्तरपत्रिका त्यांनी आदल्या संध्याकाळीच तपासल्या होत्या. मी व्हरांड्यात बाकावर बसले होते. ती लवकरच बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. पदरानं तोंड पुसलं आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. फाटकाचं उत्तर फार थोड्यांनी बरोबर लिहिलं होतं, म्हणून त्यांनी तिला मुद्दाम तोच प्रश्न विचारला. तिनं "विसरला" म्हणून सांगितलं. त्यावर एक प्राध्यापक म्हणाले, मग पेपरात वेगळं कसं लिहिलंस? मैत्रिणींशी बोलल्यावर तसं वाटलं, एवढंच ती म्हणाली. तेव्हा त्यांनी विचारलं, पेपरातलं उत्तर तरी तुझं होतं, की शेजाऱ्याचं?

"मी नक्कल केली असं वाटलं त्यास्नी," ती म्हणाली. रडली नाही.

मग माझ्या नावाचा पुकारा झाला. मी उठले तर तिनं माझा हात धरला. "आत गेल्यावर मेंढरांचं सांग. त्यास्नी तेच पायजे हाय."

मी तेच सांगितलं. मला त्यांनी विचारायच्याही आधी मीच म्हणाले, की सर, काल माझं एक उत्तर चुकलं, नंतर विचार केल्यावर लक्षात आलं. मी कोंडलेल्या मेंढ्या कशा गुदमरतात ते सांगितलं, आणि मोठ्या बर्फाच्या वर्षाचं ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत म्हणून दाखवलं. बाई खूश झाल्या. शहरातल्या मुलीला हे कसं माहीत, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "विचार करताना सुचलं." त्यातले एक प्राध्यापक बाकीच्या दोघांना म्हणाले, चूक कबूल करून मत बदलणं हा शिक्षकाचा पहिला गुण.

मत दोघींनीही बदललं होतं. तिला त्याचं नाव नक्कल मिळालं, मला गुण.

तीन आठवड्यांनी मला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. तोवर ती गावी गेली होती. मी तिला कळवलं नाही, पण तिला कुठून तरी कळलं. तिचं एक कार्ड आलं. अभिनंदन लिहिलं होतं आणि अव्वाला नमस्कार. मी उत्तर लिहायला घेतलं, ते राहिलं. तिचं कॉलेज पुढं सुटलं, असं मी दिवाळीत घरी आल्यावर समजलं.

मी पदवी घेतली, शिक्षिका झाले, इंग्रजी शिकवायला लागले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लग्न झालं, आणि त्याच उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर पुण्याला जाताना आमची एसटी टेंभुर्णीला थांबली. ती स्टँडवरच्या पाणपोईशी उभी होती. कडेवर मूल, पायाशी बोचकं. तिनंच मला ओळखलं. अव्वा कशी आहे ते विचारलं, माझ्या शाळेचं विचारलं. तिचा नवरा मार्केट यार्डात हमाली करत होता. मी न विचारताच तिनं ते सांगितलं.

मी बोलायचं म्हणून म्हणाले, त्या परीक्षेच्या वेळी मी तुला सांगायला हवं होतं.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "तुला समदं पाट असायचं. ते वाक्य तुला आठवलं न्हाय, असं कसं हुईल?"

मी विचारलं, मग तिथंच का नाही बोललीस?

"तुमच्या घरी राहत हुते की," ती म्हणाली, आणि मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. कंडक्टरनं घंटी दिली. मी पर्स उघडून मुलाच्या हातात काही ठेवू पाहत होते, तोवर ती बोचकं उचलून करमाळ्याच्या गाडीकडे निघाली होती.

गाडी सुटल्यावर नवऱ्यानं विचारलं, कोण होती ती.

"कॉलेजात होती," मी म्हटलं.