साडूंना मत विचारू नये

एखाद्याला खोटं बोलता येत नाही, हे आपण कौतुकानं सांगतो. माझ्या साडूंच्या बाबतीत मात्र ते एखाद्या दुखण्यासारखं, पाहुण्यांना आधी कल्पना असावी म्हणून सांगावं लागतं. उभ्या संभाजीनगरात त्यांच्याइतका खरा माणूस नसेल, आणि त्यांच्याइतका अडचणीचाही नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रांचे विषय शिकवायचे. एका वर्षी ‘व्यावसायिक नीतिमूल्ये’ हा विषय अभ्यासक्रमात आला आणि तो कुणी घेईना. जेवणानंतरचा तास, पेंगलेली पोरं, मार्क किरकोळ. विभागप्रमुखांनी बैठकीत विचारलं, “कुणाला वेळ आहे?” बाकीच्यांनी माना खाली घातल्या. साडूंना खरोखरच वेळ होता, म्हणून ते “मला आहे” म्हणाले आणि कायमचे अडकले. पुढं सगळेच त्यांना सर म्हणू लागले. अक्कासुद्धा कोथिंबीर आणायची आठवण करताना “अहो सर” अशीच हाक मारतात.

आता हा विषय इतरांनी शिकवला असता तर तो वर्गातच राहिला असता. साडूंनी तो घरी आणला. जुनी स्कूटर विकायला काढली, तर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते बसवून घ्यायचे, चहा पाजायचे आणि तिचे सगळे आजार क्रमानं सांगायचे. औरंगपुऱ्यातल्या ज्या गॅरेजात ती गाडी ठेवली होती, तिथल्या चाचांनी अखेर हात जोडले. “सर, गाडी बेचनी है के उसका पंचनामा करना है?” गाडी अजून साडूंकडेच आहे. नको असलेल्या माणसाचा फोन आला की “ते घरात नाहीत” असं अक्कांना सांगता यावं म्हणून हा माणूस चपला घालून फाटकाबाहेर जाऊन उभा राहतो. बरं, तेवढ्यावर भागत नाही. थोड्या वेळानं मन खातं, मग स्वतःच फोन लावून सांगतात, “मघाशी मी फाटकाबाहेर उभा होतो, मुद्दाम.”

पाचोडला अक्कांच्या माहेरच्या एका लग्नात यजमानांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, “दाजी, जेवण कसं झालं?” पंगतीत बसलेल्या सगळ्यांनी “लई भारी” म्हटलेलं असताना साडू म्हणाले, “येसरची आमटी उत्तम. भात कच्चा आहे.” केवढा रुसवाफुगवा झाला! पण गंमत अशी, की तेव्हापासून त्या भावकीत कुठंही कार्य असलं की आचारी पंगत बसण्याआधी यांनाच शोधत येतो. “दाजी, जरा चाखून सांगा. तुमच्यावाचून कुणी खरं सांगत नाय बगा.”

वर्गात मात्र ते वेगळे असत. त्यांनी एकदा मला आपल्या तासाला नेलं होतं. पुस्तकातला सचोटीवरचा धडा त्यांनी उघडलाच नाही. खिशातून एक तुटलेला बोल्ट काढला आणि पहिल्या बाकावर दिला. पोरांनी तो हातोहात मागपर्यंत नेला. “हा पास आहे म्हणून कुणीतरी सही केली होती,” एवढंच साडू म्हणाले. मागून एकानं विचारलं, “सर, कुणी मेलं का?” “नाही. या वेळी नाही.” जेवणानंतरचा तास होता, पण त्या दिवशी एकही मान कलंडलेली मला दिसली नाही.

तर माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा असा हा माणूस घरात हजर होता. टाळता आलं नाही. अक्कांना बोलवायचं तर सरांना वगळणार कसं? बायकोनं त्यांना दारातच बजावलं, “दाजी, आज फक्त हसायचं.” त्यांनी मान डोलावली. पाहुणे वैजापूरचे. मुलाच्या वडिलांची मोंढ्यात कांद्याची आडत, मुलगा इथल्या एका कारखान्यात तपासणी विभागात. स्थळ चांगलं होतं आणि माझ्या मुलीलाही तो फोटोत आवडला होता. मुलगा दारातून आत आला, साडूंना पाहिलं आणि चटकन पाया पडला. “सर, तुम्ही?”

सगळ्यांना कोण आनंद! मुलाचे वडील तर खुर्ची सरकवून साडूंच्या शेजारीच बसले. “वा, म्हणजे घरचंच झालं की! सांगा सर, कसा होता आमचा पोरगा?”

अक्कांनी साडूंचा पाय दाबलेला मी पाहिला. साडूंनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच त्यांना विहिरीत ढकललंय. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “हुशार होता. पण प्रामाणिकपणावरचा निबंध त्यानं कॉपी केला होता.”

“प्रामाणिकपणावरचा?” वडील म्हणाले.

“हो. ‘माझी आई अंगणवाडीत काम करते, तिच्याकडून मी सचोटी शिकलो.’ त्या वर्षी अर्ध्या वर्गाच्या आया अंगणवाडीत होत्या.”

मुलाच्या आई पोह्यांचा चमचा तसाच धरून म्हणाल्या, “मी? मी कवा गेले अंगणवाडीत?”

कुणी हसलं नाही. वडील उठले. “चला. पोराचा पाणउतारा करायला बोलावलं का आम्हाला?” बायको पदर तोंडाला लावून आत गेली. मला साडूंचा गळा धरावासा वाटला, आणि त्यांचा चेहरा बघून तेही जमेना. तेवढ्यात माझी मुलगी, जी पोहे देऊन पाटाभोवतीच्या रांगोळीसारखी बसली होती, ती म्हणाली, “काका, मग पुढं काय झालं?”

“पुढचं त्याचं आहे,” साडू म्हणाले. “त्यानं सांगावं.”

मुलगा उभाच होता. म्हणाला, “सरांनी नापास नाही केलं. निबंध परत दिला. म्हणाले, दुसऱ्याच्या आईबद्दल लिहिलंस, आता स्वतःच्या आईबद्दल लिही. मी लिहायला बसलो तर मला काही येईचना. आई सकाळी किती वाजता उठते, तेसुद्धा माहीत नव्हतं.”

त्याच्या आईनं चमचा खाली ठेवला. “म्हणून त्या दिवाळीत माझ्या मागं मागं हिंडत होतास व्हय रे? लहानपणी शाळा का सोडली, काय व्हायचं होतं, सगळं इचारत होतास. मला वाटलं, पोराला काय झालं!” आणि त्या डोळे पुसू लागल्या.

वडील कधी खाली बसले ते कळलंच नाही. मुलाला मात्र आता धीर आला होता. तो माझ्याकडं वळला. “आणि काका, बायोडाटात सीनियर इंजिनियर लिहिलंय, तो मी अजून झालेलो नाही. साहेब न तपासलेल्या मालावर सही करा म्हणाले, मी केली नाही. बढती लांबलीय.”

“हे घरी का नाही सांगितलंस?” वडील ओरडले. मग घसा खाकरून मला म्हणाले, “आता निघालंच आहे तर... ती जमीन बागायती म्हणालो ना, त्यातली निम्मी कोरडवाहू आहे.” स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या बायकोचा रडवेला आवाज आला, “पोहे तिनं नाही, मी केलेत. तिला चहासुद्धा धड येत नाही.” यावर मुलाच्या आई अशा काही हसल्या, की सगळं घर हसायला लागलं. साडू तेवढे हसले नाहीत. कपाळावरचा घाम पुसत त्यांनी अक्कांना विचारलं, “आता मी हसू का?”

लग्न वैजापूरला झालं. जावई चांगला निघाला. बढतीही मिळाली, उशिरानं, दुसऱ्या कारखान्यात.

यंदा महाविद्यालयानं तो विषय ऑनलाइन केला. तास नाही, वर्ग नाही. पोरांनी मोबाइलवर व्याख्यान बघायचं आणि बरोबर पर्यायावर खूण करायची. साडूंचीही निवृत्ती जवळ आलीय, म्हणून त्यांची व्याख्यानं आताच चित्रित करून ठेवायचं ठरलं. “रिकाम्या बाकांशी बोलवत नाही हो,” असं म्हणाले, म्हणून मी सोबत गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. चित्रण करणारा तरुण मोठा सभ्य होता. आवाज येतो म्हणून त्यानं पंखा बंद केला. साडूंनी कॅमेऱ्याकडं पाहून विचारलं, “माल सदोष आहे, साहेब सही कर म्हणतात, घरी आईचं औषधपाणी आहे. काय कराल?” आणि ते थांबले.

बराच वेळ झाला तेव्हा तो तरुण म्हणाला, “सर, बोला ना पुढं. एवढी गॅप कापावी लागंल.”

“कापू नकोस,” साडू रिकाम्या बाकांकडं बघत म्हणाले. “विचार करतायत पोरं. जरा वेळ दे.”

तरुणानं बटणावरचा हात काढला. त्या उकाड्यात आम्ही तिघंही गप्प बसून राहिलो.