दहाच्या नोटेचा जादा कोपरा

बाबांची नोकरीच मुळी चुका काढायची. लूमवरून उतरलेलं कापड टेबलावर ओढायचं, तुटका धागा, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची. तीस वर्षं हेच. घरी आले तरी डोळे ड्युटीवरच. माझी वेणी वाकडी, कॅलेंडर तिरकं, सगळं दिसायचं त्यांना. मी वैतागायचे. “बाबा, शिफ्ट सुटली तुमची,” म्हणायचे.

त्याच डोळ्यांनी त्यांना नोटांचा नाद लावला. सुट्टे हातात आले की उजेडात धरणार. कुठे नंबर खाली घसरलेला, कुठे शाई एका बाजूने पुसट. अशा पाच-सहा नोटा त्यांनी लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटात जपल्या होत्या. आई होती तोवर हसायची. “लोकांचे नवरे नोटा आणतात, आमचे हे बिघडलेल्या नोटा आणतात.”

सगळ्यात लाडकी एक दहाची नोट. टेमघरच्या वाण्याने सुट्ट्यात दिलेली. नोटांच्या छापखान्यात कापताना तिचा कोपरा दुमडून राहिला असणार, म्हणून उलगडल्यावर तिथे कागदाचा जादा त्रिकोण बाहेर आलेला. हे बाबांनी मला दहादा सांगितलं असेल. मी हो हो म्हणायचे आणि कामाला लागायचे. खरं सांगते, एकदाही नीट ऐकलं नाही.

कुणाकुणाला विचारत त्यांनी कल्याणच्या एका जाणकाराचा पत्ता लावला. निवृत्त मास्तर, अशाच नोटा जमवणारे. रविवारी येतो म्हणाले. नोट विकायची नव्हतीच. “त्यांनी एकदा म्हणावं, नजर हाय तुमची. बस,” बाबा म्हणाले. तीस वर्षांत शेठच्या तोंडून तेवढंही निघालं नव्हतं.

शनिवारी मी घरी धागे कापत बसले होते. तयार शर्टांचे गठ्ठे यायचे, त्यांचे लोंबते धागे कापून परत द्यायचे. बाहेर आलेलं दिसलं की कापायचं, हाताला एवढंच ठाऊक. बाबा नोटांसाठी प्लास्टिकच्या पिशव्या आणायला बाहेर गेले होते. पाकीट उघडंच होतं. उद्या पाहुणा येणार, नोट जरा नीटनेटकी दिसू दे, म्हणून मी त्या कोपऱ्याला कात्री लावली. कडेला कड जुळवून, अगदी सफाईने. नोट पाकिटात परत ठेवली. तुकडा धाग्यांच्या कचऱ्यात गेला आणि सकाळी कचरा घंटागाडीत.

मास्तर आले, चहा झाला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी नोट काढली आणि हात थांबला. कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग एकदाच माझ्या शर्टांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे मला कळलं, मी काय कापलं ते.

मास्तरांनी भिंगाखाली नोट उलटीसुलटी केली. “साधीच आहे हो ही.”

“माझीच नजर चुकली, सर,” बाबा म्हणाले.

“वयाने होतं असं,” मास्तरांनी समजूत काढली.

मी तोंड उघडायला हवं होतं. एरवी माझ्या जिभेला आळी घाबरते. त्या दिवशी परक्या माणसासमोर वेडी ठरायची लाज वाटली, म्हणून बापाला वेडा ठरू दिलं.

मास्तर गेल्यावर मी रडले. तुम्ही बोलला का नाहीत, म्हणून उलट त्यांच्यावरच चिडले. “पोरीची चूक पाहुण्याला दाखवायची काय?” एवढंच म्हणाले.

पुढे ते सुट्टे न बघताच खिशात टाकायला लागले. मी मुद्दाम नोट त्यांच्यासमोर धरायचे, “बघा, नंबर वाकडा वाटतोय.” “चांगली हाय,” म्हणायचे.

गेल्या वर्षी बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला मास्तरही आले. शेजाऱ्यांना सांगत होते, “फार सज्जन माणूस. नोटांतलं काही कळत नव्हतं, पण हौस केवढी.” मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, कळत होतं त्यांना. कोपरा होता. मीच कापला. माझ्या बापाची नजर कधी चुकली नाही.

मास्तरांनी चष्मा काढला. “अहो, मग हे त्या दिवशी का नाही बोललात?”

अगदी साधेपणाने विचारलं त्यांनी. उत्तर माझ्याकडे होतं, पण बाबांच्या फोटोसमोर ते सांगता येईना.