धुळीवरचं बोट

स्मृतिलेख म्हटल्यावर तुम्ही रुमाल काढून बसला असाल. ठेवा परत खिशात. मी अल्ताफवर जळायचो, आणि तो जाऊन महिना होत आला तरी जळतोच आहे. डेंगीनं तो घरी पडून होता. एका सकाळी सुप्याला जाणारी आमची कंपनीची बस भिंगारच्या थांब्यावर त्याच्या धाकट्या भावानं अडवली. "भाईजान गेले," एवढंच म्हणाला... आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? आता मीटिंगमध्ये कोण बोलणार.

अकाउंट्समध्ये आमची टेबलं शेजारी. दर महिन्याच्या मीटिंगला आमच्या साहेब शेळके मॅडमना करंट रेशो लागायचा. म्हणजे रोकड, येणी आणि गोदामातला माल यांची बेरीज करायची, तिला लवकर फेडायच्या देण्यांनी भागायचं. दोनच्या आसपास आलं की कारखाना ठणठणीत. मी चहा निवायच्या आत कॉम्प्युटरवर काढायचो. अल्ताफ आधी खाली गोदामात जायचा, पंपांच्या सुट्या भागांच्या खोक्यांवरून बोट फिरवायचा. धूळ लागली की तो माल बेरजेतून बाद. "जो माल हालत न्हाई, त्यानं देनी फिटत्यात व्हय?" म्हणायचा. त्याचं उत्तर माझ्यापेक्षा कमी यायचं, आणि मॅडम त्याचंच धरायच्या.

मग मी त्याची नक्कल करायचो. डोळे बारीक, काळं बोट वर... ऑफिस लोळायचं. सगळ्यात जास्त तोच हसायचा. "बोट जरा वाकडं धर की, माझं तसं हाय," म्हणून शिकवायचासुद्धा. हसून झालं की सगळे आपापले कागद घेऊन त्याच्याच टेबलाशी. जळणार नाही तर काय?

तो गेल्यावरची पहिली मीटिंग मला मिळाली. रेशो चांगला दोनच्या वर आला. मी तो त्याच्याच आवाजात वाचला, बोट वर करून, वाकडं करून. एकदा तरी त्याच्याइतकं ऐकतील असं वाटलेलं... कोणी हसलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "बोट दाखव."

स्वच्छ होतं.

"गोदामात गेला होतास?"

"न्हाई मॅडम." तोंडात अजून त्याचीच बोली.

"त्याचा आवाज उचललास, वाकडं बोट उचललंस, आणि कामाचं तेवढं सोडलंस. तुझी नक्कल बघायला तो हातातलं काम टाकून बसायचा. त्याचं काम बघायला तू एकदा तरी खाली गेलास? ऊठ. बोट काळं झाल्याशिवाय वर यायचं नाही."