माह्या कपिलीचे किडे

कोन म्हनते मी इलासवर जळतो? थोच सांगत फिरत असन! हो, जळतो. जा, सांगा त्याले!

आपल्या दारव्ह्याचे आमी दोघं एकाच दिवशी एअरफोर्सच्या तळावर लागलो. विमानं धुतलेलं तेलकट पानी साफ कराचा प्लांट. थो ऑपरेटर, मी हेल्पर. काहून? तं थो बारावी, मी चौथी! तिथचे किस्से पोत्यानं भरले हायेत, गनेशभाऊ. चहा सांग अन् आयक.

पह्यले शेनाचा. टाकीतले किडे घान खातात, अन् ते किडे सुरू कराले ताजं शेन लागते. घरच्या कपिली गाईचं पोतंभर शेन मी यस्टीनं नेलं. बाजूच्या सीटवर कोनी बसलं नाई! गेटवर जवान. "इसमें क्या है?" "गोबर, साब." त्यानं कोपरापर्यंत हात घातला! "पहले बोलना था ना!" मी म्हनलं, "पह्यलेच तं बोललो, साब!"

मंग माशाचा. साफ पान्याच्या हौदात मासे ठेवतात. मासा जगला म्हंजे पानी चांगलं. इलासचे मासे रोज मरत, थो रोज बाजारातून नवे आने. एक दिवस मोठे सायेब म्हनतात, "मछली कल तो लाल थी, आज काली?" इलास म्हनते, "सर, धूप में रहती है!" सायबानं पाठ थोपटली त्याची!

मंग प्लांट तपासाले कॉलेजची मॅडम आली. तिच्या रिपोर्टवर पुढचा ऑपरेटर ठरनार. पाहुनी येनार म्हनून इलासनं काय केलं? घर धुतल्यावानी टाकीत ब्लिचिंग पावडर वतली! पानी चकाचक, किडे खलास! दोन दिवसात घान सडली, मॅडमनं नाकाले रुमाल लावला. "कोणी काय टाकलं यात?" इलास म्हनते, "या हेल्परनं टाकलं असन, मॅडम."

माहं नाव!

मी सुट्टी टाकली, पुन्हा कपिली, पुन्हा पोतं. या वक्ती जवानानं हात नाई घातला, लांबूनच सॅल्यूट मारला!

टाकी पुन्हा जित्ती झाली. पान्याले पावसाळी वावरासारखा वास. मॅडम खुश. मायक्रोस्कोप मांडला, थेंब ठेवला. "या ऑपरेटर, बघा कसे वळवळतायत!" इलास एक डोळा मिटून पाहे अन् हासे. फोटो निघाले. मी मांगं बादली धरून उभा. मी म्हनलं, "मलेबी पाहू दे बे." थो म्हने, "तुले काय समजते त्यातलं? चौथी पास!"

शेन माह्या कपिलीचं!

हे घे चिठ्ठी, मॅडमचा नंबर. रिपोर्ट सोमवारी जाते, त्याच्या पह्यले पावडर कोनी वतली थे सांगतो. चहा ठेव खाली, गनेशभाऊ. लाव फोन.