दिवाणजी ज्याच्या पायावर बसतात

स्वतःच्या पणजोबांचं नाव न आठवणारे, पण कुत्र्याच्या सात पिढ्या तोंडपाठ असणारे एकच गृहस्थ लोणावळ्यात होऊन गेले. ते माझे मामा. रेल्वेतून निवृत्त होताना लोक शाल घेऊन घरी येतात. मामा विलायतेला परतणाऱ्या साहेबाचा बुल टेरियर घेऊन आले. पांढराशुभ्र, नारळासारख्या तोंडाचा, बारीक तिरक्या डोळ्यांचा. मामांनी त्याचं नाव दिवाणजी ठेवलं आणि कायम अहोजाहो केलं. मामी गेल्यावर घरात मानाने हाक मारावी असं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

बेडशाहून तांदूळ घेऊन येणाऱ्या एका शेतकऱ्याने विचारलं, “आबा, हे डुक्कर म्हनायचं का कुत्रं?” मामांनी त्याला ओटीवर बसवून सगळा इतिहास ऐकवला. बुलडॉग आणि टेरियरपासून ही जात निघाली, तिच्या पूर्वजांना आखाड्यात झुंजवलं, पुढे शौकिनांनी तिला देखणी, घरंदाज केली. बदनामी मात्र चिकटली ती चिकटलीच. “झुंजवायचं माणसांनी आणि बोल कुत्र्याला!” मामा कडाडले.

“म्या न्हाई झुंजवलं, आबा,” शेतकरी घाबरून म्हणाला.

दिवाणजींची माया विचित्र होती. धावत यायचं, गुडघ्यावर डोकं आपटायचं आणि सगळा भार टाकून पायांवर बसायचं. पोस्टमन पत्रं कुंपणावरूनच फेकी. “ज्याच्या पायावर बसले, तो त्यांचा माणूस,” मामा सांगत. मी मात्र पाय खुर्चीवर घेऊन पुस्तक वाचत बसे.

मामा गेले. आता याला आवरणार कोण, म्हणून दहावं झालं की कुत्र्याला गोळी घालायची, असं आळीने ठरवलं. मी नाही म्हणालो नाही. हो म्हणाल्याचंही आठवत नाही.

दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, खाली बांधलेले दिवाणजी भुंकत होते. कावळा शिवेना. “इच्छा राहिली असेल, बोला,” गुरुजी म्हणाले. मी घराला चुना लावायचं कबूल केलं, कुत्र्यांच्या पिढ्या लिहिलेल्या मामांच्या वह्या जपायचं कबूल केलं. कावळे ढिम्म. एवढ्यात दोरी तुटली. सगळे पळाले; ओल्या पंच्यात मी हात जोडून उभाच. दिवाणजी आले, गुडघ्यावर डोकं आपटलं आणि माझ्या पायांवर बसले.

“मामा, यांना मी सांभाळीन,” मी पुटपुटलो.

कावळा शिवला.

गुरुजी म्हणाले, इच्छा पुरी झाली. शेजारी म्हणाले, भुंकणं थांबलं म्हणून आला. गोळीचं पुन्हा कुणी काढलं नाही. मला यातलं नेमकं खरं काय ते अजून कळलेलं नाही. दिवाणजींनी मला निवडलं की मी पळालो नाही एवढंच, तेही कळलेलं नाही. हे लिहिताना माझे दोन्ही पाय बधिर झाले आहेत. मी ते हलवलेले नाहीत.