सातबाऱ्यावर नसलेला साग

आमच्या व्याह्यांइतका सरकारचा राग राग करणारा माणूस अख्ख्या मुरबाड तालुक्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो यांनीच शिकवून तयार केलेला असणार. बरं, राग म्हणजे मोर्चात जाऊन घोषणा देण्यातला नव्हे. सरकार कुठल्या पक्षाचं आहे याच्याशीही त्यांना देणंघेणं नाही. "कोणीबी येवो, आल्याबरोबर माझ्या दारावर नंबरच टाकतो ना," एवढंच त्यांचं राजकारण. माझी लेक वनिता धसईच्या पलीकडे त्यांच्या शेतावरच्या घरात सून म्हणून गेली, तेव्हापासून त्या दारात आलेला एकही सरकारी माणूस चहा न घेता आणि बोलणी न खाता परत गेलेला मी पाहिला नाही. चहा आधी. त्या बाबतीत माणूस चोख.

आता तुम्ही म्हणाल, असे पुष्कळ असतात, सरकारला नावंही ठेवतात आणि काही फुकट वाटायला लागलं की रांगेत पहिले उभे राहतात. आमचे व्याही इथंच वेगळे. ते घेतही नाहीत. रेशनचा तांदूळ त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. आपल्या शेतातलं भात कमी आलं त्या वर्षी नाचणीवर काढलं, पण पिशवी घेऊन गेले नाहीत. संडास तर त्यांनी योजना यायच्या आधीच स्वतः खड्डा खणून बांधला होता. तरी पाहणीला आलेला माणूस म्हणाला, "बाबा, समोर उभे राहा, फोटो लागतो." व्याही म्हणाले, "माझ्या लग्नात कुणी फोटो काढला नाय, आन आता संडासाम्होरं हुभा राहून काढू?" तो बिचारा म्हणाला, फोटो नसला तर आमच्याकडे संडास बांधलाच नाही असं दिसतं. "दिसू दे. मला बसता येतंय, तेवढं पुरं."

एकदा कसल्याशा पाहणीला बाई आल्या होत्या. घरात पंखे किती? "गरम होतं तेवढे." स्वयंपाक गॅसवर की चुलीवर? "जेवायला बसा, चवीवरून तुमीच लिवा." त्या खरंच जेवून गेल्या आणि काय लिहिलं देव जाणे. गावाच्या तोंडाशी रस्त्यावर उंचवटा केला तेव्हा हे तिथं सायकलवरून उतरले, सायकल दोन्ही हातांनी उचलली, पलीकडे ठेवली आणि पुन्हा बसले. कुणी विचारलं तर म्हणाले, "मी पळत नव्हतो. मंग मला आडवता कशाला?" पुढं कित्येक महिने त्यांनी हे केलं. गुडघा धरला तेव्हाच बंद झालं.

नव्या जमान्यालाही ते सोडत नाहीत. आमचे जावई मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून आले, तर व्याही म्हणाले, चाललो किती ते पायाला कळत नाय का रे? फोन लावला की आधी ती सावधगिरीची सूचना वाजते ना, तिच्यावरून तर मलाच झापलं. "विहीणबाई, तुमच्या आधी ती बाई बोलते. सावध ऱ्हा म्हणते. आता मी तुमच्यापासून सावध ऱ्हाऊ का?" शेतातल्या पिकाचा फोटो आपणच मोबाइलवर काढून पाठवायचा असं निघालं, तेव्हा तर दोन दिवस तोंडाचा पट्टा थांबेना. गुडघाभर चिखलात मी हुभा राहिलो, लावणी मी केली, आन हे भात हाय का दुसरं काय ते आता मोबाइल सांगणार. तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं, तेव्हा म्हणाले, "नाव लांब झालं, आता सही करायला आणखी येळ लागंल."

मला हे सगळं ऐकायला फार आवडायचं, हे कबूल करते. खर्डीहून तिकडं जायचं म्हणजे गाड्या बदलत बदलत अर्धा दिवस जातो. मी जायची ती निम्मी लेकीसाठी आणि निम्मी व्याह्यांच्या तोंडासाठी. घरी येऊन शेजारणींना नकला करून दाखवायची.

पण त्यांच्या घरामागं एक सागाचं झाड होतं. दोघांनी मिळून कवेत घ्यावं एवढं. मागच्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात ते मुळासकट हललं आणि मागच्या खोलीच्या कौलांवर कललं. त्या खोलीत माझी लेक आणि नात निजतात. पुढचा पावसाळा ते झाड काढणार नाही, हे लहान लेकरानंही सांगितलं असतं. जावई म्हणाले, दादा, साग आहे, परवानगी काढून तोडू. झालं. माझं झाड, माझी जमीन, परवानगी कुणाची? त्यांनी धसईहून कटरवाल्याला बोलावलं. तो आला, झाड पाहिलं, चहा प्याला आणि म्हणाला, "बाबा, फॉरेस्टवाले माझी मशीन उचलून नेतील. मंग मी पोटाला काय खाऊ?"

तेव्हा व्याह्यांनी सत्तरीच्या वयात स्वतः कुऱ्हाड घेतली. सकाळी लागले ते दुपारपर्यंत. वीतभर खाच पाडली असेल-नसेल, तोवर फॉरेस्टची गार्ड आली. वनिताहूनही लहान मुलगी, खाकीत, गाडी बांधाला लावून. पुढचं मला वनितानं शब्दन् शब्द सांगितलं.

"काका, परवानगी काढलीत का?"

"मी जेवायला बसतो तवा परवानगी काढतो का?"

"जेवणाचं माझ्याकडं नाही काका. सागाचं आहे."

"पडलं तं माझ्या डोक्यावर पडंल. तुमाला काय तरास?"

"पडलं तर पंचनाम्याला मलाच यावं लागेल ना."

ती चहा पिऊन गेली, पण कुऱ्हाड थांबली. आणि आता गंमत बघा. आधी झाड नुसतं कललेलं होतं. आता ते अर्धवट तोडलेलं आणि कललेलं. तोडायचं नाही, आणि उभं राहील याचा भरवसा नाही. वनितानं अंथरुणं पडवीत आणली आणि मला फोन केला. रडली नाही ती. नुसतं म्हणाली, "आई, कधी येतेस?" मी दुसऱ्या दिवशीच गेले. व्याही ओट्यावर बसून सरकारवर बोलत होते आणि माझी नात पडवीत कुत्र्याशेजारी झोपली होती. मला पहिल्यांदा त्यांच्या बोलण्याची चीड आली. दरवर्षी ज्याच्या नकला केल्या, त्याच माणसाला म्हणावंसं वाटलं, पुरे करा हो.

कसंबसं त्यांना उठवून तलाठी कार्यालयात नेलं. खुर्चीवर तरुण मुलगा होता, बोलायला नरम. त्यानं संगणकावर सातबारा काढला, वर-खाली केला आणि म्हणाला, "काका, तुमच्या शेतात झाडच नाही."

"नाय? मंग मी कुऱ्हाड कशावर चालवली?"

"ते मला नाही सांगता येणार. इथं नोंद नाही. नोंद नाही तर परवानगीचा अर्ज पुढं जात नाही."

मला आठवलं. पूर्वीचे तलाठी एकदा बांधावरची झाडं लिहायला आले होते. मी तेव्हा लेकीच्या पहिल्या सणाला तिथंच होते. व्याह्यांनी त्यांना चहा पाजून बांधाच्या अलीकडूनच परत धाडलं होतं. माझी झाडं मला तोंडपाठ हायत, तुमाला कशाला पायजेत? ते गृहस्थ हसून गेले आणि कोऱ्या रकान्यात रेघ मारली. तीच रेघ आता पडद्यावर होती.

व्याह्यांनी पुढं वाकून ती पाहिली. मग अगदी शांतपणे, शाळेतल्या पोरासारखं म्हणाले, "म्हंजे झाड तोडायला तुमाला विचारायचं. आन विचारायच्या आधी, झाड हाय हे तुमी लिवायचं."

"होय काका."

"आन तुमी लिवलं नाय तं ते नाय."

"कागदावर नाही."

एरवी या वाक्यावर त्यांनी तासभर काढला असता. ते उठले आणि बाहेर जाऊन एसटी थांब्याच्या कट्ट्यावर बसले. मी मागोमाग गेले. घरी परत जायचं म्हणाले. असंच ऱ्हाऊ दे, पडंल तवा पडंल, मी नाय लिवून देणार. तेव्हा मी म्हटलं, आणि व्याह्यांना असं बोलतात का म्हणून मला अजून वाटतं, "तुम्ही खुशाल झाडाखाली खाट टाकून निजा व्याही, मी नाही अडवत. पण माझ्या लेकीचं सरकारशी काही भांडण नाही. तिला त्याच्याखाली कशाला निजवता?"

गाडी आली, थांबली, गेली. ते बसूनच होते. मग म्हणाले, "सूनबाय मला एका शब्दानं बोलली नाय."

"ती नाहीच बोलायची."

ते उठले आणि परत आत गेले. तिथल्या मुलानं अर्ज लिहून दिला. व्याह्यांनी तो दोनदा वाचला. विनंती या शब्दावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी सही केली. नुसती सही नाही, स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, सगळं पुरं, सावकाश.

नोंदीसाठी झाडाचा फोटो लागला. वनितानं काढला. ते झाडापाशी उभे राहिले आणि हात कुठं ठेवू, असं विचारलं. तिनं सांगितलं, झाडावर ठेवा. त्यांनी ठेवला.

कागद हलायला वेळ लागला, पण पावसाच्या आधी परवानगी आली. गार्डनं हातोडा मारून खूण केली, कटरवाला मशीन घेऊन आला, दोर बांधून झाड शेताच्या बाजूला पाडलं. घराचं एक कौल फुटलं, बस. मागच्या खोलीत दुपारचं ऊन आलं, इतकं की वनितानं पडदा शिवला. नात पुन्हा आपल्या जागी झोपायला लागली, आणि मी निर्धास्त झाले.

पुढं मी गेले तेव्हा मुद्दाम विषय काढला. सागाचे ओंडके अंगणात पडले होते, आणि ते हलवायलाही वेगळा पास लागतो असं जावयांनी सांगितलं होतं. एवढा सुग्रास विषय. मी म्हटलं, "व्याही, ऐकलंत का, आता पडलेल्या लाकडालाही पास." ते वाटाणे सोलत होते. "असंल," म्हणाले. "तेंचंबी काम हाय." मी फोनवरच्या त्या बाईचं काढलं, मनगटातल्या घड्याळाचं काढलं. त्यांनी वाटाण्याची पाटी माझ्याकडे सरकवली.

तेवढ्यात गार्ड आली, पास घेऊन. गाडी बांधाला लावली आणि फाटकातच उभी राहिली, सवयीनं, आधी बोलणी होऊन जाऊ देत म्हणून. व्याही उठले. "या ताई, बसा," म्हणाले. "सही कुठं करायची?" आणि चष्मा आणायला आत गेले.

तिनं फाटक लोटलं. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "मावशी, काकांची तब्येत बरी नाही का?"

मी म्हटलं, "बरी आहे गो." आणि आम्ही दोघी ते बाहेर यायची वाट पाहत तशाच उभ्या राहिलो.